लंडनमधला टॅक्स अ‍ॅडव्हायझर: ज्ञानाला पाच स्टार, माझ्यासारख्यांना दोन

फर्मचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. मेफेअरच्या बाजूला ऑफिस आहे, माझ्या ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला आणि मी गेलो. जायचं कारण म्हणजे एचएमआरसीचं, म्हणजे इकडच्या टॅक्स खात्याचं, पत्र. तुम्हाला परदेशातून उत्पन्न असू शकतं, ते रिटर्नमध्ये दाखवलंय का ते तपासा, असं गोड भाषेत लिहिलेलं आणि सोबत सही करायचा एक फॉर्म. भारतातल्या बँका आपली माहिती इकडे पाठवतात हे मला माहीतच नव्हतं. माझी एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या खात्यातली) एफडी आहे, वर्षाला साधारण सव्वा लाख रुपये व्याज, बस. बाबांना फोन केला तर ते म्हणे "अरे एनआरई टॅक्स फ्री असतं, बँकवाले साहेब स्वतः म्हणाले होते." हो बाबा, टॅक्स फ्री आहे, पण भारतात.

पहिली वीस मिनिटं फुकट, त्यानंतर ६०० पाउंड अधिक व्हॅट. वेटिंगमध्ये बसलो तर समोर चकचकीत पुस्तिका, एप्रिल २०२६ नंतर कॅरीड इंटरेस्टचं, म्हणजे फंड चालवणाऱ्यांच्या नफ्यातल्या वाट्याचं, काय होणार यावर. माझ्या एफडीवर पुस्तिका नव्हती.

पण माणूस हुशार निघाला हे मान्य करायला हवं. पहिलाच प्रश्न, तुमच्या वडिलांचं कायमचं घर कुठे? मग, तुम्हाला शेवटी परत जायचंय का? मग अगदी शांतपणे, मेल्यावर अंत्यविधी कुठे व्हावेत याचा काही विचार केलाय का? मी म्हटलं मी व्याजाचं विचारायला आलोय हो. तो हसला आणि म्हणाला, जुन्या वर्षांसाठी हे विचारावंच लागतं, कारण २०१६ ला आल्यापासून एप्रिल २०२५ पर्यंत तुम्ही नॉन-डॉम होता, म्हणजे राहायला इथे पण कायद्याने कायमचं घर, डोमिसाइल, दुसऱ्या देशात.

मी! २०२२ मध्ये सुनक अर्थमंत्री असताना त्यांच्या बायकोचं, अक्षता मूर्तींचं नॉन-डॉम प्रकरण गाजलं तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बडबड कोणी केली असेल तर मी, श्रीमंतांना कसे वेगळे कायदे वगैरे. आणि वडिलांचं घर भारतात म्हणून मुलाचं डोमिसाइल भारतात, हाच नियम मलाही लागू होता, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं. मुळात हा प्रकार १७९९ पासूनचा, इन्कम टॅक्स आला तेव्हापासूनचा. बाहेरचं उत्पन्न बाहेरच ठेवलंत तर इकडे टॅक्स नसायचा, आणलंत की टॅक्स.

मग फरक कुठे? बाहेर ठेवलेलं उत्पन्न वर्षाला २,००० पाउंडांच्या आत असेल तर आपोआप सूट, माझं त्यात बसत होतं. त्याच्या वर गेलात की १२,५७० ची करमुक्त मर्यादा सोडावी लागायची, आणि इकडे सात वर्षं झाली की सवलतीसाठी वर्षाला ३०,००० पाउंड मोजावे लागायचे, पुढे ६०,०००. म्हणजे ज्याचं बाहेरचं उत्पन्न लाखो पाउंडांमध्ये आहे त्याला ते तीस हजार म्हणजे चहापाणी. आणि मोठ्या लोकांचे बँकर पहिल्याच दिवशी तीन खाती उघडून देतात, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, शेअर विकून आलेला नफा वेगळा, म्हणजे इकडे पैसे आणताना फक्त मुद्दल आणता येतं. माझं सगळं एकाच खात्यात खिचडी, आणि २०२१ ला घराच्या डिपॉझिटसाठी त्यातूनच आठ लाख रुपये आणले. आता त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे दाखवणं माझं काम. एवढं सांगायला त्याने चाळीस मिनिटं घेतली पण एकही गोष्ट दोनदा विचारावी लागली नाही, ज्ञानाचे पाच स्टार त्याचेच.

आता नॉन-डॉम बंदच झालंय. तेव्हाचे अर्थमंत्री हंट यांनी मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं, नंतर अर्थमंत्री झालेल्या लेबर पक्षाच्या रीव्ह्ज यांनी पुढे नेलं, ६ एप्रिल २०२५ पासून लागू. नवीन येणाऱ्याला, आधीची दहा वर्षं इथला रहिवासी नसेल तर, पहिली चार वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. मी त्यात बसत नाही, त्यामुळे एफडीचं व्याज आता दरवर्षी दाखवायचं. जुने बाहेर ठेवलेले पैसे १२ टक्के भरून मोकळे करायची एक योजना आहे, दोन वर्षं १२ आणि तिसऱ्या वर्षी १५. त्याने स्वतःच सांगितलं की तुमच्या रकमेला त्यात पडण्यात अर्थ नाही, माझी फीच जास्त होईल. प्रामाणिक माणूस.

शेवटी मी त्या पुस्तिकेचं विचारलं. म्हणाला, प्रायव्हेट इक्विटीवाले, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशांनी कंपन्या घेऊन पुढे विकणारे, फंडातून दोन प्रकारे कमावतात, सांभाळायची फी आणि नफ्यातला वाटा, साधारण २० टक्के. तो वाटा म्हणजे कॅरीड इंटरेस्ट, आणि तो पगार न मानता भांडवली नफा मानला जायचा, एप्रिल २०२५ च्या आधी २८ टक्के टॅक्स. माझ्या बोनसवर ४० आणि वर २ टक्के नॅशनल इन्शुरन्स! २००७ मध्ये त्याच धंद्यातले निकोलस फर्ग्युसन बोलून गेले होते की आमच्यातले काही लोक सफाई करणाऱ्या बाईपेक्षा कमी दराने टॅक्स भरतात. तेव्हा दर १० टक्क्यांपर्यंत खाली यायचा. लेबरने २०२४ च्या जाहीरनाम्यात ही पळवाट बुजवू म्हटलं, मग एप्रिल २०२५ ला ३२ टक्के केलं, आणि २०२६ पासून इन्कम टॅक्समध्ये घेतलं खरं, पण रकमेच्या ७२.५ टक्क्यांवरच, म्हणजे हिशेब ३४ च्या आसपास. बुजवली म्हणायचं की रंग लावला? तो म्हणे जास्त केलं तर लोक मिलानला जातील, इटलीत ठरावीक रक्कम भरली की बाहेरच्या उत्पन्नाचं कोणी विचारत नाही. असेल. मला ते पटलं नाही, पण तो रोज त्यांच्याचबरोबर बसतो, त्याला तसंच वाटणार. मी बोनस घेऊन मिलानला जातो म्हटलं तर मॅनेजर बॉक्स भरायला मदत करेल.

तक्रार एकच, पण मोठी. नंतर प्रश्न विचारायला मेल केला तर उत्तराला बारा दिवस, आणि "हे मूळ कामात येत नाही" म्हणून नवीन कोटेशन. टॅक्स निघाला तीनशे पाउंडांच्या आसपास, बिल व्हॅटसकट ७२०. ज्यांची बाहेर घरं, ट्रस्ट, फंडातला वाटा वगैरे आहे त्यांनी डोळे मिटून जावं. एक-दोन एफडीवाल्यांनी आपल्याच एरियातला साधा अकाउंटंट गाठावा, फक्त त्याला परदेशी उत्पन्नाचं पान भरता येतं का ते आधी विचारा.

आणि हो, व्याजाचं सर्टिफिकेट आत्ताच मागवून ठेवा. इकडचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, बँक देते १ एप्रिल ते ३१ मार्च. आमच्या शाखेतले म्हणतात सिस्टीममध्ये तशी तारीखच टाकता येत नाही सर. बाबा तिसऱ्यांदा जाऊन आलेत.