ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस : मर्त्यतेच्या अभ्यासकाला लाभलेली भक्कम सेवा

लोकसंख्याशास्त्रात पीएचडीसाठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला विषय पक्का करण्याआधी आकडेवारी कुठून मिळेल हे पाहावे लागते आणि अनेकांचे पहिले वर्ष परवानग्या मागण्यातच सरते. मर्त्यतेचा, म्हणजे लोकसंख्येतील मृत्यूंच्या प्रमाणाचा, अभ्यास करणाऱ्यांची ही वणवण ज्या एका सेवेने मोठ्या प्रमाणात थांबवली, त्या ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसचे हे परीक्षण आहे. प्रबंधाच्या दिवसांपासून आज वर्गात शिकवीपर्यंत मी तो सातत्याने वापरत आले आहे.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जर्मनीतील रोस्टॉक येथील माक्स प्लांक लोकसंख्याशास्त्रीय संशोधन संस्था यांनी 2002 मध्ये हा माहितीसाठा खुला केला. जॉन विल्मोथ आणि व्लादिमीर श्कोल्निकोव्ह ही त्यामागची प्रमुख नावे. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. एकदा ते उघडले, की सुमारे चाळीस देशांचे व प्रदेशांचे जन्म, मृत्यू, लोकसंख्या, मृत्युदर आणि जीवन सारण्या (मृत्युदरांवरून कोणत्या वयापर्यंत किती जण हयात राहतील हे दाखवणारी कोष्टके) एकाच साच्यात उतरवून घेता येतात. साचा एकच असण्याचे मोल, वेगवेगळ्या देशांची वार्षिके समोर ठेवून वयोगट जुळवण्यात ज्याने रात्री घालवल्या आहेत, त्यालाच कळते. स्वीडनची मालिका 1751 पासूनची आहे, फ्रान्सची 1816 पासूनची आणि जपानची 1947 पासूनची. तरीही एका देशासाठी लिहिलेला प्रोग्रॅम फक्त देशाचे नाव बदलून दुसऱ्यासाठी चालतो. अनुदान नसलेल्या संशोधकाला याहून मोठी मदत क्वचितच मिळते.

स्वीडनची एकेका वर्षाची, एकेका वयाची सारणी उघडली, तर प्रत्येक वर्षासाठी शून्यापासून 109 पर्यंतची वये आणि ‘110+’ हा शेवटचा गट, अशा 111 ओळी दिसतात. एक लाख जन्मांपासून सुरू होणारा हयात व्यक्तींचा स्तंभ ओळीओळीने घटत जातो. 1773 या वर्षापाशी आले, की जन्मवेळचे आयुर्मान वीस वर्षांच्याही खाली गेलेले दिसते. दुष्काळाचे आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईचे ते वर्ष होते. आयुर्मान वीस याचा अर्थ माणसे विसाव्या वर्षी मरत होती असा होत नाही. त्या एका वर्षाचे दर जन्मभर लागू झाले, तर सरासरी किती वर्षे वाट्याला येतील एवढेच तो आकडा सांगतो. हा भेद मी दरवर्षी याच पानावरून शिकवते, आणि तो एकदा उमगला की पुढचा अर्धा अभ्यासक्रम सोपा होतो. अमेरिकेच्या लोकसंख्येच्या फाइलमध्ये 1959 हे वर्ष दोनदा येते, एकदा उणे आणि एकदा अधिक चिन्हासह, कारण त्या वर्षी अलास्का आणि हवाई संघराज्यात सामील झाले. सीमाबदलाची इतकी काळजीपूर्वक दखल मी इतर फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

या सेवेचा खरा गाभा मात्र सारण्यांत नसून तिच्या पद्धतीच्या दस्तऐवजात आहे, आणि तो न वाचण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका लेखात मी नव्वदीपुढच्या मृत्युदरांची वाढ मंदावते असे जीवन सारणीवरून दाखवले होते. परीक्षकाने दोन ओळींत उत्तर दिले : सारणीतील उतारवयाचे दर गुळगुळीत केलेले असतात, तेव्हा तुम्ही निरीक्षण मोजले आहे की त्यावर बसवलेला वक्र? आक्षेप रास्त होता. ऐंशी ते पंचाण्णव यांदरम्यान, मृत्यूंची संख्या जिथे फार कमी होते त्या वयापासून पुढे, सारणीत प्रत्यक्ष दरांऐवजी लॉजिस्टिक वक्रावरचे (आधी झपाट्याने चढून पुढे मंदावणाऱ्या गणिती रेषेवरचे) दर घातलेले असतात. कच्चे दर मृत्युदरांच्या वेगळ्या फाइलमध्ये मिळतात. शिवाय ऐंशीपुढची लोकसंख्याही बहुधा पुढे नोंदलेल्या मृत्यूंवरून मागे मोजत आणलेली असते. हे सारे दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले आहे. तो लेख मी पुन्हा पहिल्यापासून केला, आणि तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना दस्तऐवज वाचून झाल्याशिवाय फाइल उतरवू देत नाही.

मर्यादा मोठी आहे आणि ती लपवलेली नाही. जन्ममृत्यूंची नोंदणी जवळजवळ संपूर्ण असेल तरच देशाला येथे स्थान मिळते. त्यामुळे भारत नाही, चीनची मुख्य भूमी नाही, आफ्रिका खंडातला एकही देश नाही. निकष योग्यच आहे, पण त्याचा परिणाम कारकिर्दींवर होतो. तयार आकडे जिथे असतात तिथे शोधनिबंध लवकर होतात, आणि तरुण अभ्यासक साहजिकच त्याच देशांकडे वळतात. जिथे मृत्यू सर्वाधिक आणि नोंदी सर्वांत कमी, तिथल्या मर्त्यतेवर काम करणाऱ्याला मुलाखतींवर आधारलेल्या पाहण्यांचा आधार घ्यावा लागतो. 1984 पासून अशा पाहण्या घडवणाऱ्या डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज या कार्यक्रमाचा अमेरिकी निधी 2025 मध्ये थांबला, तेव्हा कित्येकांचे काम अधांतरी राहिले. नेमणुका आणि बढत्या ठरवणाऱ्या समित्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

महामारीच्या काळात, 2020 मध्ये, या चमूने आठवड्यागणिक मृत्यूंची स्वतंत्र मालिकाही सुरू केली आणि अतिरिक्त, म्हणजे एरवीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या, मृत्यूंचा अंदाज बांधणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग झाला.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रिकाम्या जागी फाइलमध्ये नुसता टिंब असतो आणि ‘110+’ हा मजकूर म्हणून वाचला जातो. दोन्हींची सोय आधी केली नाही, तर पुढचा हिशेब चुकतो. आणि प्रबंधात आकडे कोणत्या तारखेला उतरवले ते अवश्य लिहावे, कारण नव्या जनगणनेनंतर मागील वर्षांचे आकडेही सुधारले जातात आणि तीन वर्षांपूर्वीचे तुमचेच कोष्टक आज उतरवलेल्या फाइलशी जुळेलच असे नाही.