आपटा, कांचन की देवकांचन?

एकाच झाडापुरती जागा असेल, तर नर्सरीतल्या पाटीवर विसंबू नका. 'कांचन' म्हणून दोन वेगळी झाडं सर्रास विकली जातात, आणि आपटा मागितला तरी कधी कधी कांचनच गळ्यात पडतो. तिन्ही बौहिनिया प्रजातीतली, तिघांचीही पानं टोकाशी दुभंगलेली, त्यामुळे गल्लत होतेच.

रोपाला फूल नसतं, म्हणून पान बघा. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद आणि मागून फिकट. कांचनाचं चांगलं तळहाताएवढं होतं, पण चीर उथळ. देवकांचनाची चीर बरीच खोल, जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते. फुललेलं झाड समोर असेल तर पुंकेसर मोजा: कांचनाला पाच, देवकांचनाला तीन. कांचनाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या. देवकांचनाच्या अरुंद, सुट्या.

नुसता बहर हवा असेल तर कांचन लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेली असतात आणि अख्खं झाड गुलाबी-जांभळं होतं. पांढऱ्या फुलांचाही एक प्रकार आहे. उत्तर भारतात याच्या कळ्यांची भाजी करतात, ती जरूर करून बघा. देवकांचन पावसाळा सरताना फुलू लागतो, पण तेव्हा पानं असल्याने फुलं तेवढी डोळ्यांत भरत नाहीत. ऐन उन्हाळ्याआधी झाड उघडं पडलेलं नको असेल त्यांना मात्र तोच बरा.

आपट्याकडून फुलांची अपेक्षा नको. बारीक, फिकट पिवळसर तुरे येतात, बस्स. खोड वेडंवाकडं, साल काळपट, वाढ सावकाश. पण मुरमाड माळावर, कमी पाण्यात तग धरायची तर तिघांत माझं मत आपट्यालाच. रस्त्याकडेला मात्र लावू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोन्यासाठी लोक झाड ओरबाडून नेतात. खरा आपटा मिळाला नाही की कांचनाच्या फांद्यांवरही तीच वेळ येते.

पुस्तकागणिक नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका. बौहिनिया पूर्वी सिसॅल्पिनिऑइडी उपकुलात धरत. 2017 च्या नव्या मांडणीत ती सर्सिडॉइडी उपकुलात गेली. वेलवर्गीय जाती बऱ्याच जणांनी फॅनेरा प्रजातीत हलवल्या आहेत, आणि आपट्यालाही काही जण पिलिओस्टिग्मात घालतात. लावणाऱ्याला याने फरक पडत नाही, रोपाच्या शोधात दोन्ही नावं टाकून बघावीत एवढंच.

चौथा पर्याय हाँगकाँगच्या झेंड्यावरचा, बौहिनिया ब्लेकियाना. हा कांचन आणि देवकांचन यांचा संकर. फुलं मोठी, गडद जांभळट-गुलाबी, आणि शेंगांचा कचरा नाही, कारण हे झाड वांझ आहे. त्यामुळे ते कलमानंच वाढवावं लागतं. बियांपासून केलेलं रोप म्हणून कुणी विकत असेल, तर ते ब्लेकियाना नव्हे.