नौपाड्यातले कॅसेटवाले काका : ४१ कॅसेट, चार महिने, साडेतीन तारे

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव विचारू नका. ठाण्यात गावदेवी मैदानाकडून नौपाड्यात शिरायचं, रद्दीवाल्यापाशी थांबायचं आणि "कॅसेटवाले काका कुठे?" एवढंच म्हणायचं. तो हातातलं काम न सोडता मानेनेच जिना दाखवतो. पहिला मजला, डावीकडचं दार, बाहेर चपलांशेजारी एक मेलेला टीव्ही. वेळ सकाळी ११ ते दीड आणि संध्याकाळी ५ ते ८, गुरुवारी बंद. फोन करून उपयोग नाही. मशीन चालू असताना ते फोन उचलत नाहीत आणि मशीन सदा चालूच असतं.

काम एकच. जुन्या ऑडिओ कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून फाइली करून देतात. ६० मिनिटांच्या कॅसेटला २०० रुपये, ९० मिनिटांच्या कॅसेटला २५०. बुरशी धरलेली असेल तर साफसफाईचे वर १००. निम्मे आगाऊ, तेही रोख. पेन ड्राइव्ह आपण न्यायचा. पावती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून मिळते. माझी फेब्रुवारीच्या पाठीवर आहे.

मार्चमध्ये मी कळव्याहून दोन बिस्किटांचे डबे घेऊन गेले. आत ४१ कॅसेट, डांबरगोळ्या आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. सगळं माझ्या मावशीचं. ती गेली त्याला दोन वर्षं होतील. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडेच होती, पण डबे उघडून दाखव म्हटलं की "त्यात काय बघायचंय, नुसता रेडिओ आहे" म्हणायची.

रेडिओ म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल.

मावशी उमरग्याला बालवाडीत शिकवायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर तिच्या ओळखीचं गाव. ती आठ दिवसांसाठी म्हणून मदतीला गेली आणि पत्र्याच्या शेडमधून वर्षभर परतलीच नाही. कुणीतरी तिला एक सपाट टेप दिला होता, समोर कळा असलेला, चार सेलवर चालणारा. माहिती भरायला आलेल्या साहेबांसमोर गप्प बसणाऱ्या बायका त्या टेपसमोर बोलायच्या आणि बोलून झालं की म्हणायच्या, "आता आमचं आमाला ऐकव." तिने ऐकवलं. मग दुसऱ्या शेडमधल्या बायकांनी मागितलं. पुढे घरं झाली, शेड मोडल्या, तरी हे थांबलं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी सायकलला कर्णा बांधायचा आणि आठवड्याभरात भरलेली कॅसेट लावायची. जात्यावरच्या ओव्या, रोजगार हमीची मजुरी कशी मोजतात ते, हुलग्याचं माडगं, रेशनला किती साखर आली आणि किती वाटली. शेवटच्या विषयावर रेशनवाला येऊन कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहायचा, अंगाने आवाज अडेल या हिशेबाने. मावशी या सगळ्याला बाजारवाणी म्हणायची. आकाश आपलं नाही, बाजार आपला.

आकाश आपलं नाही हे ती उगाच म्हणत नव्हती. डब्यातलं कात्रण त्याचंच आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपले मराठी गृहस्थ, याचं तिला फार होतं. कात्रणावर त्यांच्या नावाखाली शाईची रेघ आहे. पण निकाल लागला म्हणून कुणालाही रेडिओ केंद्र लावता आलं असं झालं नाही. २००२ मध्ये परवानगी खुली झाली ती शिक्षणसंस्थांना, आणि देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र, चेन्नईचं अण्णा एफएम, फेब्रुवारी २००४ मध्ये लागलं. गावात काम करणाऱ्या संस्थांचा नंबर लागला नोव्हेंबर २००६ मध्ये. तेव्हाही अट अशी की संस्था निदान तीन वर्षांची नोंदलेली हवी. मावशीच्या मंडळाकडे नोंदणी नव्हती. एक सतरंजी होती, एक कर्णा होता आणि सहा बायका.

त्यातल्या दोघींना घेऊन ती सोलापूर-हैदराबाद रस्त्याने एसटी बदलत बदलत झहीराबादला गेली होती. तिथून जवळ माचनूरला दलित शेतकरी बायकांचं रेडिओ केंद्र आहे. त्यांचा स्टुडिओ १९९८ पासून उभा होता. परवाना नाही म्हणून त्यासुद्धा दहा वर्षं कॅसेटच भरत होत्या आणि गावोगावच्या बायकांच्या 'संघम'च्या बैठकीत वाजवत होत्या! १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' हवेत गेला. चालवणाऱ्या दोघी नरसम्मा, आणि मागे उभे पी. व्ही. सतीश, दूरदर्शनमधलं काम सोडून त्या खेड्यांत राहिलेले. सतीश मार्च २०२३ मध्ये गेले, त्या दिवशी मावशी जेवली नाही. माचनूरचं लागलं, आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' लागलं. मावशीचं कधीच लागलं नाही. कळव्याला आल्यावर खिडकीच्या गजाला तार बांधून ती मुंबई विद्यापीठाचं १०७.८ शोधत बसायची. खरखरीशिवाय काही सापडायचं नाही. अशा केंद्राला सहसा शंभर वॅटच्या वर जायला मुभा नाही, कलिन्याहून कळव्याला तो आवाज पोचणार कुठून?

तर परीक्षणाकडे येते.

आधी चांगलं. काका कामात पक्के आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवून एक कॅसेट लावून दाखवली. आवाज असा येत होता, जणू बाई गोधडीखालून बोलतेय. मी म्हटलं, गेली वाटतं कॅसेट. त्यांनी डेकचं झाकण काढलं, घड्याळजींकडे असतो तेवढा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हेडच्या, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचा स्क्रू केसभर फिरवला. थांबले. आणखी केसभर. आणि 'स' उघडला. 'सासू', 'सोसलं', 'रेशन' सगळं लख्ख. मागे बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. म्हणाले, "ज्या टेपवर भरलंय ना, त्याचं हेड तिरकं होतं. आपलं हेड तेवढंच तिरकं करायचं." तिसाव्या कॅसेटपाशी त्यांना स्क्रू उलटीकडे फिरवावा लागला. "इथे बाईंनी टेप बदलला," ते म्हणाले. मावशीच्या वहीत पाहिलं तर २००३ मध्ये नवा टेप घेतल्याची नोंद आहे. बालवाडीच्या मानधनातून, चार हप्त्यांत.

दुसरी गोष्ट वेगाची. सेल उतरले की भरताना मोटर हळू फिरते, आणि मग नीट वेगाने वाजवलं की माणसं चिमणीसारखी चिवचिवतात. मावशीच्या बऱ्याच कॅसेटची शेवटची दहा मिनिटं अशी आहेत. सेल महाग, शेवटपर्यंत पिळायचे. काकांनी ती दहा-दहा मिनिटं कानाने ओढून सरळ केली, त्याचे जादा पैसे लावले नाहीत. सात कॅसेटना बुरशी होती. काहींना स्क्रूच नाहीत, नुसत्या चिकटवलेल्या. त्या फोडून रीळ नव्या डबीत घातलं. एकाही कॅसेटची टेप तुटली नाही.

आता अर्धा नव्हे, दीड तारा मी का कापला ते.

पहिल्या १२ कॅसेटच्या फाइली मे महिन्यात मिळाल्या. रात्री सगळं आवरून, कानात घालून बसले. पहिली फाइल : म्हातारी थेट ओवीला लागलेली. दुसरी : थेट मजुरीचा हिशेब. तिसरी, चौथी, पाचवी. दीडच्या सुमाराला ध्यानात आलं की बाराही फाइलींत मावशी नाही. एक शब्द नाही. प्रश्नसुद्धा नाही, उत्तरंच फक्त.

कॅसेटच्या कव्हरातली कागदी पट्टी काढून पाहिली. प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात तेच वाक्य : 'सुरुवातीस व मधे माझे बोलणे आहे, ते कापणे.' बाजारात वाजवायची कॅसेट ती दुसऱ्या टेपवर उतरवून घेताना स्वतःला गाळत असणार. या मूळच्या. म्हणजे इथे ती असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी काकांकडे. "मावशी कुठाय?"

"सुरुवातीचं खाकरणं, बटणांचा खटका, मधली शांतता, ते आम्ही उडवतो. गिऱ्हाइकं तसंच मागतात. आणि तुमच्या बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की कापा. वाचलं मी."

वाचलं, आणि ऐकलंही! काय बोलणार. लोक लग्नाच्या, बारशाच्या, बुवांच्या भजनाच्या कॅसेट आणतात, त्यांना खाकरणं नको असतं. पण कापण्याआधी एक शब्द विचारायला हवा होता, आणि कापलेलं निदान बाजूला ठेवायला हवं होतं. त्यांनी ठेवलं नव्हतं. मी चिडले, तेही चिडले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून पहिली कॅसेट पुन्हा डेकमध्ये सरकवली. बाराही पुन्हा उतरवल्या, पूर्ण, फुकट. तेवढ्यात पाऊस लागला. दमट हवेत टेप हेडला चिकटते म्हणून जूनमध्ये आठवडा आठवडा मशीन बंद. उतरवलेली सगळी मिळून साडेपंचेचाळीस तासांची कॅसेट आणि चार महिने, त्याचं कारण हे. मध्ये तीन फेऱ्या फुकट गेल्या. त्यातली एक मामलेदारच्या मिसळीने भरून निघाली, ती काही काकांची सेवा नव्हे.

जुलैत जे मिळालं त्यातली एक कॅसेट सांगते. खटका. वारा माईकवर. (माईकला ती लहान बाळाचा लोकरी मोजा घालायची, हिरवा, तो डब्यात आहे.) मग मावशी, माझ्या आत्ताच्या वयाहून लहान :

"बुधवार, चौदा जून दोन हजार. सेल नवे आहेत. काकी, आधी तंबाखू थुका."

दूरवर थुंकल्याचा आवाज. कुणीतरी हसतं. "हं, आता लाल दिवा लागलाय. तुम्ही माझ्याकडं बोलू नका, दिव्याकडं बोला. मी इथं नाहीच असं समजा."

मग काकी बोलायला लागते आणि मावशी खरंच नसते. पंचवीस मिनिटं. फक्त मध्येच एकदा काकी भूकंपात गेलेल्या सुनेचं सांगताना अडते, तिथे फार वेळ काही नाही. वारा, कोंबडी. पहिल्या फाइलमध्ये इथे जोड होता, कळतही नव्हता. आता तिथे वीस-बावीस सेकंदांनी, अगदी हळू, माईकपासून लांब, मावशीचा "हं" आहे. काकी परत बोलू लागते.

असे 'हं' मी मोजत नाही, पण एका वहीत मिनिटं टिपतेय. भाचा म्हणतो सगळे एकत्र जोडून देऊ का. नको म्हटलं.

तुम्ही जाणार असाल तर तीन गोष्टी आधी तोंडी नव्हे, लेखी द्या : कापायचं नाही, खरखर काढायची नाही, दोन्ही बाजू पूर्ण. मूळ मोठी फाइल मागा, नाहीतर ते मोबाइलवर चालेल अशी छोटीच देतात. कॅसेटमधली पट्टी हरवणार नाही याची काळजी आपण घ्यायची. माझ्या दोन पट्ट्यांची अदलाबदल झालीच. एकूण बिल ९,२५० रुपये झालं, चाळीस कॅसेटचं.

एकेचाळिसावी अजून त्यांच्याकडे आहे. ती १२० मिनिटांची, टेप कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आत गुंता झालेला. त्यांनी ती उघडून, उन्हाच्या कवडशात धरून पाहिली आणि म्हणाले, दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. मी पट्टी वाचून दाखवली, न विचारताच : 'मशीन चुकून चालू राहिले. काही नाही.'

"हीच हवी असणार तुम्हाला," काका म्हणाले, आणि आगाऊ पैसे परत केले. "वाचली तर द्या."