जुन्या दुनळीची दुरुस्ती: नागपूरचं एक दुकान, १० बोअर आणि १२ बोअर दोन्हीचा अनुभव

भंडारा-गोंदियाकडे ज्यांच्या घरी आजा-पणज्याची दुनळी अजून लायसन्सवर आहे त्यांनी हे वाचाच, कारण बंदुकीचं काम समजणारा मिस्त्री आता सहज सापडत नाही आणि अर्धवट माणसाच्या हातात जुनी बंदूक दिली तं बंदूकही जाते आणि एखाद्या दिवशी चालवणाऱ्याचा हातही जातो. दुकानाचं नाव टाकत नाही, हत्याराचं दुकान आहे, उगाच गर्दी नको. नागपूरच्या जुन्या शहरात आहे, कोणत्याही जुन्या लायसन्सवाल्याला विचारा, तो पत्ता सांगते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

माझ्याकडे दोन बंदुका आहेत. एक बाबांची १२ बोअर, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची, वावरात जागलीला मचाणावर हीच असते. दुसरी आबाजींची १० बोअर, बर्मिंगहॅमची, बाहेरून दोन घोडे असलेली, ती माझ्याकडे वारसाहक्कानं आली. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा घरातली तिसरी जमा करावी लागली, पण १० बोअर मी सोडली नाही. आमच्याकडच्या मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात बदकं उतरतात, आबाजींच्या काळात परवान्यावर शिकार चालायची आणि उंच उडणाऱ्या थव्यासाठी अशी मोठ्या नळीची बंदूक वापरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला नि आबाजींनी ती साफ करून खोळीत घातली, मग कधीच काढली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोअरचा आकडा जेवढा लहान तेवढी नळी मोठी. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या पाडल्या तं त्यातली एक जेवढी होते तेवढी १२ बोअरची नळी, म्हणजे साधारण १८.५ मिमी. १० बोअर १९.७ आणि ८ बोअर २१.२ च्या आसपास. ऐकायला फरक थोडा वाटते पण १० बोअर हातात घेतली की वजन खांद्याला लगेच कळते.

आता दुकानाबद्दल. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी १० बोअर दाखवली होती, तिथल्या माणसानं बंदूक उघडूनही पाहिली नाही अन् म्हणे आतून बुश (नळी बारीक करणारं नळकांडं) टाकून १२ चं काडतूस चालवून देतो, वरून काळी पॉलिश मारतो, नवीन दिसेल. नागपूरच्या दुकानातल्या मिस्त्री चाचांनी आधी फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढला, नळ्या वेगळ्या केल्या आणि खालच्या सपाट भागावरचे नळी तपासून पास केल्याचे शिक्के भिंगानं पाहिले. मुकुट, आडवे राजदंड, बीपीसी अक्षरं, आणि हिऱ्याच्या खुणेत १० सी. तेवढ्यावरून ते म्हणाले १८८७ ते १९०४ च्या मधली आहे, आणि धूरवाल्या काळ्या बारुदीवरच पास झालेली आहे, नायट्रोचा, म्हणजे बिनधुराच्या बारुदीचा, शिक्का हिच्यावर कुठेच नाही. नळ्या डमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या. अशा नळीत शेकडो सांधे असतात आणि शंभर वर्षांत आतून कुठे गंज शिरला ते बाहेरून दिसत नाही. आजच्या बिनधुराच्या बारुदीचा दाब त्या सांध्यांसाठी बनलेलाच नाही. बुश टाकल्यानं नळीची ताकद वाढत नाही हे त्यांनी मला बसवून समजावलं. नुसतं १२ चं काडतूस १० च्या घरात (नळीत मागे काडतूस बसते ती जागा) टाकणं तं त्याहून वाईट, ते ढिलं बसते, काडतुसाचं कवच फाटू शकते आणि गॅस मागे तोंडाकडे येते.

मग त्यांनी नळ्यांची जोडी दोरीला टांगली आणि लाकडाच्या दांडीनं हलकेच ठोकली. आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत गेला. म्हणजे दोन नळ्यांच्या मधली पट्टी आणि तिचं झाळण (डाख) पक्कं आहे, ढिलं असतं तं खडखड आली असती. ती काळी पॉलिश का नाही करायची तेही इथेच कळलं, गरम कॉस्टिकच्या हौदात बुडवून करतात ते ब्लूइंग झाळण खाऊन टाकते आणि पट्टी सुटते, शिवाय डमास्कसची नक्षी मरते. चाचांनी हळू पद्धतीनं ब्राउनिंग केलं, गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा, घासायचा, पुन्हा तेच. वेळ लय लागला पण नळीवरची ती पिळाची नक्षी जशी उठून आली ती पाहून आईच्या डोळ्यात पाणी आलं, मला तं बोलताच आलं नाही.

डाव्या घोड्याची व्ही आकाराची स्प्रिंग तुटली होती, बाजारात मिळत नाही, चाचांनी पट्टी घेऊन कानशीनं घासून घडवली आणि पाणी दिलं. दस्ता अक्रोडाचा, मनगटाजवळ चीर होती, ती सरसानं भरली आणि वरून उकळलेलं जवसाचं तेल हातानं चोळलं, अनेकदा, पातळ पातळ. आपल्याकडे जवस पिकतो आणि आपणच दस्त्याला बाजारातलं व्हार्निश मारतो हे मला फार खटकलं, घरी करायचं असेल तं तेलच लावा. आणि शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं, ही चालवायची नाही, सांभाळायची. मी ऐकलं. कोणी चालवून दाखव म्हटलं तरी मी देणार नाही.

१२ बोअरचं काम साधं होतं पण रोजच्या वापराचं. फोरएंड काढून हलवली तं नळी दस्त्यावर डुलत होती, बिजागरीची पिन घासली होती, ती नवीन बसवली. उजव्या नळीचा स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी पिन) आखूड झाला होता, म्हणून काडतूस कधी पेटे कधी नाही, आणि रात्री डुकरांचा कळप धुऱ्यावर आला असताना नुसतं टक आवाज येणं म्हणजे काय ते जागल करणाऱ्यालाच कळते. आता दोन्ही नळ्या बरोबर वाजतात. चाचांनी एक गोष्ट सगळ्यांना सांगायला सांगितली: जुन्या विलायती १२ बोअरचं घर बरेचदा ६५ मिमीचं असते आणि ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात जाते, कारण बंद काडतूस आखूड असते, पण सुटताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढते. डब्यावर काय छापलं ते आणि आपल्या बंदुकीचं घर किती ते दोन्ही मोजून घ्या, नुसतं बसते म्हणून टाकू नका.

वावरात बंदूक आहे म्हणून डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची मोकळीक आहे असं कोणी समजू नका. पीकसंरक्षणाचं लायसन्स वेगळं आणि वनखात्याची लेखी परवानगी वेगळी, ती नसेल तं केस थेट वन्यजीव कायद्याखाली होते. मी आवाजासाठी वापरतो. तूर, हरभरा, धान, रात्रभराचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेला कास्तकार चिडते, मीही चिडतो, पण परवानगीशिवाय गोळी जनावरावर टाकू नका, आमच्या भागात वाघही फिरते आणि अंधारात झुडपामागे काय आहे ते दिसत नाही.

अर्धा गुण का कापला तं फोन उचलत नाहीत, आणि खर्चाचा अंदाज कागदावर देत नाहीत, तोंडी सांगतात. माझ्या बाबतीत सांगितला तेवढाच घेतला, दोन्ही बंदुकांचं मिळून १२ हजारांच्या आत. दुकानात छर्र्याचा पसारा तपासायची सोय नाही, म्हणजे ४० यार्डावर ३० इंची गोलात किती छर्रे बसतात ते पाहता येत नाही, चोकची (नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या अरुंदपणाची) खात्री करायची असेल तं ती रेंजवर जाऊनच करावी लागेल. आणि घाई असेल तं जाऊ नका, ते कोणाच्या घाईनं काम करत नाहीत.

जाताना लायसन्सची मूळ प्रत, आधार, आणि लायसन्सवर एरिया कुठला लिहिला आहे ते पाहून जा, फक्त जिल्ह्यापुरतं असेल तं आधी कलेक्टर ऑफिसमधून परवानगी काढा. बंदूक रिकामी, खोळीत, काडतुसं वेगळी. दुकानात ठेवून आलात तं त्यांच्या रजिस्टरमध्ये नंबरासकट नोंद झाली का ते समोर उभं राहून पहा आणि पावती घ्या. निवडणुका जाहीर व्हायच्या बेतात असतील तं काम आधी उरकून घ्या, नाहीतर ब्राउनिंग केलेली नळी ठाण्यात जमा करावी लागू शकते आणि तिथे तेल कोणी लावत नाही.