नवोदयची तयारी: तालुक्याचा क्लास की घरचं टेबल?

गोव्यात मराठी प्राथमिकची चौथी झाली की बहुतेक मुलांना पाचवीसाठी नवं हायस्कूल धरावं लागतं. तिथे प्रवेश परीक्षा नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं चाळणी परीक्षेला मनाई केली आहे, हायस्कूल अनुदानित असो की पूर्ण खाजगी. परीक्षा येते ती सहावीच्या दारात. वाळपई किंवा काणकोणच्या नवोदयमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, घालायचं असेल, किंवा सैनिक स्कूल डोक्यात असेल, तर पाचवीचं वर्ष तयारीत जातं. सैनिक स्कूल म्हणजे आता फक्त साताऱ्यासारखी जुनी नव्हेत, खाजगी संस्थांच्या भागीदारीतली नवीसुद्धा. आणि आपल्या मुलांचं हेच वर्ष मराठीतून इंग्रजी माध्यमात जाण्याचं. दोन्ही एकदम डोक्यावर.

मग प्रश्न येतो: तालुक्याला क्लास लावायचा की घरीच करून घ्यायचं? आमच्याकडे दोन्ही झालं आहे. थोरला क्लासला गेला, धाकटीनं घरी केलं. दोन मुलांवरून सिद्धांत मांडू नये एवढं मला कळतं, शिवाय दोघांचे स्वभावही दोन टोकांचे. निकालांची तुलना तर मुद्दामच करत नाही. नवोदयमध्ये किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात, त्यामुळे भावाला आणि बहिणीला एकाच यादीत उभं करणं बरोबर नाही. वर्षभर घरात काय चाललं होतं, तेवढंच सांगतो.

क्लासचं आधी, कारण क्लासला खरोखर काही बाजू आहेत.

पहिली म्हणजे पेन. आपली मुलं चौथीपर्यंत पेन्सिल आणि खोडरबरावर वाढलेली असतात. नवोदयच्या ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, पेन्सिल चालत नाही. निळं किंवा काळं बॉलपेन, आणि एकदा गोल काळा केला की तो काळाच. घरी हे सांगायला गेलं की तोंड वाकडं होतं, 'चुकलं तर?' म्हणून डोळे भरतात. क्लासमध्ये बाजूची सगळी पोरं तेच करत असतात, त्यामुळे कोणी रडत बसत नाही. दोन तास जागेवरून न उठता बसण्याचंही तसंच. घरी दर अर्ध्या तासानं पाणी लागतं, मग पोटात दुखतं, मग दारात कोण आलं ते बघायचं असतं. रविवारच्या टेस्टला हे काही होत नाही.

दुसरी बाजू शिस्तीची. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत, गोव्यातल्या हिंदू घरात अभ्यास होत नाही. होतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान आणण्यापासून शेवटच्या आरतीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं, घुमट वाजतंय, आणि मूल त्यात नसेल तरच नवल. क्लास मात्र ठरल्या तारखेला पुन्हा सुरू होतो आणि पोर मुकाट्यानं दप्तर उचलतं. घरचा अभ्यास सुरू व्हायला मोठ्या माणसांचीच चवथ आधी उतरावी लागते.

फीबद्दल बोलत नाही, ती जागेप्रमाणे बदलते. पावसाळ्यात संध्याकाळच्या बसचा भरवसा नाही, म्हणजे बापाची बाईक आणि रेनकोट आलाच. तेवढं चालतं.

मला खटकलं ते दुसरंच, आणि आमच्यापुरतं सगळं त्याच्यावरच ठरलं. तालुक्यात फक्त नवोदयची बॅच भरेल एवढी मुलं जमत नाहीत. म्हणून नवोदय, सैनिक स्कूल आणि 'बघू, काहीतरी देऊ दे' म्हणून आलेली अशी सगळी एकाच वर्गात. यात सरांचा दोष म्हणवत नाही, त्यांनाही भाडं भरायचं असतं. पण या दोन परीक्षा बाहेरून जुळ्या वाटल्या तरी आतून फार वेगळ्या आहेत. सैनिकच्या सहावीच्या पेपरात अडीच तासांत १२५ प्रश्न आणि ३०० गुण. त्यातले १५० एकट्या गणिताचे, आणि २५ प्रश्न सामान्य ज्ञानाचे. नवोदयला सामान्य ज्ञानाचा एकही प्रश्न नाही. गणिताचे प्रश्न २०, गुण १०० पैकी २५. आणि निम्मा पेपर, म्हणजे ५० गुण, नुसत्या आकृत्यांचा. त्यात अक्षर नाही, अंक नाही, पाठ करण्यासारखं काही नाही.

आता मिश्र बॅचची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. गणिताला निम्म्याहून जास्त वेळ जातो, कारण ते दोघांनाही लागतं आणि शिकवणारे सर मुळात गणिताचे असतात. मग सामान्य ज्ञान, कारण सैनिकवाल्यांच्या पालकांना ते वहीत लिहिलेलं दिसलं पाहिजे. आकृत्या उरल्यासुरल्या वेळात, नाहीतर 'सोप्या आहेत, घरी करून या'. थोरल्याला लेफ्टनंट कर्नलच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि एक तारा असतो हे झोपेतही सांगता यायचं. पण कागदाला दोन घड्या घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, हे विचारलं की सरळ अंदाज मारायचा. वहीत उत्तर मात्र बरोबर असायचं: बी. का बी, विचारलं तर 'सरांनी सांगितलं'. सरांनी कुठून सांगितलं? गाइडच्या मागच्या पानावरून. मी जाऊन विचारलं तेव्हा 'पेपर जवळ आला की आकृत्याच घेणार' असं उत्तर मिळालं. पेपर जवळ कधी येतो हेही दरवर्षी सारखं नसतं: २०२५-२६ च्या प्रवेशाची नवोदय परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली, पुढच्या वर्षाची १३ डिसेंबर २०२५ लाच. महिनाभर आधी म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर हाताशी फारसं काही उरत नाही.

याचा राग येण्याचं कारण असं की आकृत्या हाच शिकवून सुधारता येणारा भाग आहे. त्यांचे प्रकार दहा, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, जुळणारी शोधा, अपुरी पूर्ण करा, मालिका, आरशातली प्रतिमा, घडी आणि भोक, लपलेली आकृती वगैरे. एकेक प्रकार धरून आठवडाभर फक्त तोच केला की मुलाच्या डोळ्यांना वळण लागतं. धाकटीचं आम्ही तेच केलं. घडीच्या प्रश्नांना कालनिर्णयाची जुनी पानं आणि पंचिंग मशीन. आधी तिनं पेन्सिलनं अंदाज काढायचा, मग घडी घालून भोक पाडायचं, मग उलगडून बघायचं. सुरुवातीला दरवेळी चुकायची आणि त्यातच तिला मजा यायची. आरशाच्या प्रश्नांना कपाटाचा आरसा. लपलेल्या आकृतीला ट्रेसिंग पेपर. यात माझ्यापेक्षा तिची आई तरबेज निघाली. ब्लाउज बेतणाऱ्या बाईला घडी उलगडल्यावर काय दिसेल हे कोणी शिकवावं लागत नाही. गणिताला मी आणि आकृत्यांना आई, अशी वाटणी झाली आणि घरात भांडणंही कमी झाली.

भाषेचंही थोडं असंच. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, मिळून २५ गुण. अर्ज भरतानाच माध्यम निवडायचं असतं आणि मराठी घेता येतं. चार वर्षं मराठीत वाचलेल्या मुलाला हे गुण बरेचसे हातात असल्यासारखे असतात. पण पाचवीला हायस्कूलमध्ये सगळं इंग्रजीत, आणि आमच्या वेळी क्लासमध्येही उतारे इंग्रजीतून, कारण बॅचमधल्या बऱ्याच जणांनी इंग्रजी भरलेलं. म्हणजे जूनपासून मुलाचं मराठी वाचन बंद, आणि परीक्षेला एकदम मराठी उतारा. घरी हे सोपं होतं: रोजच्या वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि त्यावर तिनंच आम्हाला प्रश्न विचारायचे. गणिताला मात्र अडचण आली. शाळेत एलसीएम, मराठी गाइडात लसावि. अपूर्णांक, परिमिती, सरळव्याज सगळ्याचं तेच. शेवटी दोन्ही नावांचा एक कागद करून भिंतीला चिकटवला आणि विषय संपला.

घरच्या तयारीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते एकतर्फी होईल. बापानं शिकवायचं म्हणजे आवाज चढतोच. माझाही चढला, आणि त्या दिवशी काहीही शिकून होत नाही. शाळेतल्या टीचरनं कधीमधी शंका सोडवल्या नसत्या तर गणित अडकलं असतं. वेळ लावून पूर्ण पेपर सोडवायला घर ही चांगली जागा नाही; त्यासाठी शेवटी आम्ही तिला मावशीकडे बसवायचो, तिथे टीव्ही नव्हता. आणि आई-बाप दोघंही शिफ्टला असतील, घरी आजी-आजोबाच असतील, तर हे सगळं कागदावर छान दिसतं एवढंच. त्यांच्यासाठी मिश्र बॅच का असेना, क्लास बरा.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दलही विचारतात. आकृत्यांना थोडे उपयोगी पडतात, बाकी दहा मिनिटांनी पोर कुठल्या व्हिडिओवर आहे ते बघावं लागतं.

सैनिक स्कूलच हवं असेल तर मात्र माझं मत उलटं पडतं. तिथे गणिताचा ढीग मोठा, सामान्य ज्ञानाला काठ नाही, वेळ कमी, आणि यादीत नाव आलं तरी पुढे वैद्यकीय तपासणी. घरच्या टेबलावर एवढं सगळं मावेल असं मला वाटत नाही. शिवाय वय ३१ मार्चला दहा ते बाराच्या मध्ये बसत असेल तर तिथे पुन्हा प्रयत्न करता येतो. नवोदयची सहावीची परीक्षा एकदाच, पाचवीत असताना. एकदाच मिळणाऱ्या परीक्षेच्या तयारीत दुसऱ्याच परीक्षेचा अभ्यास मिसळलेला मला नको वाटतो, मग तो कितीही चांगल्या सरांचा असो.

आणखी एक गोष्ट, जी क्लासच्या नादात सुटते. नवोदयच्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. शहरी शाळेत एक दिवस जरी शिकलं तरी मूल शहरी धरलं जातं. आपल्याकडे काय होतं, गावातली चौथी झाली की क्लासला जवळ पडतं म्हणून पाचवीला डिचोली, साखळी किंवा वाळपईच्या नगरपालिका हद्दीतलं हायस्कूल धरतात. घर गावात आहे, रेशनकार्ड गावाचं आहे, पंचायतीचा दाखला आहे, याचा उपयोग नाही; शाळा कुठे आहे ते बघतात. गावाजवळ पंचायत हद्दीत हायस्कूल असेल आणि नवोदयचा विचार पक्का असेल, तर पाचवीचं नाव घालण्याआधी हे डोक्यात घ्या. तिसऱ्या महिन्यात कळून काही बदलता येत नाही. मूल शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करावा लागतो, तेही बघून ठेवा.

इतकं करून क्लासच लावायचा ठरला तर सरांना तीन गोष्टी विचारा. नवोदयची मुलं वेगळी बसतात का? आठवड्यात आकृत्यांना किती तास, आणि ते आत्तापासून की शेवटी? मराठीतून पेपर देणाऱ्याला उतारे मराठीतून देता का? सर चांगले असतील तर राग न मानता सांगतील. उत्तर म्हणून सैनिकचंच वेळापत्रक पुढे आलं, तर फी भरण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिकांचं एक पुस्तक आणून महिनाभर घरी बसून बघा. क्लास काय, जुलैतही घेतात.