कुडाळात लहान मुलांची युरिन कल्चर (लघवीतले बॅक्टेरिया वाढवून बघायची टेस्ट) करायची असेल तर ही लॅब

पाचपैकी साडेचार देते, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे मालवण-देवगड साइडच्या आईबापांना मुलाचा ताप दोनदा परतला की थेट बांबोळी (गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर कोल्हापूर आठवतं, आणि बऱ्याचदा इथेच एक नीट टेस्ट झाली असती तर ती धावपळ वाचली असती.

आमची मुलगी चार वर्षांची. चतुर्थीच्या आधी ताप सुरू झाला, थंडी वाजून यायचा, सर्दी-खोकला काही नाही, फक्त शू करताना रडायची. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी लघवी न तपासताच सेफिक्झिम ह्या अँटिबायोटिकचं सिरप दिलेलं, ताप उतरला, बाटली संपल्यावर परत आला, परत तेच सिरप, ह्यावेळी मात्र ताप हललाच नाही. मग कुडाळच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, आधी कल्चरचं सॅम्पल द्या, मगच पुढचा डोस, आणि ह्या लॅबचं नाव लिहून दिलं.

आता लॅबबद्दल. सॅम्पल घेणाऱ्या ताई लहान मुलांच्या बाबतीत खरंच माहीतगार आहेत. नुसती डबी हातात देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, डेटॉल नको, साबण नको, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, डबीच्या आत बोट लागू देऊ नका आणि झाकण उलटं खाली ठेवू नका, सगळं दोनदा सांगितलं. आमच्या शेजारी एक जण अगदी तान्ह्या बाळाची चिकटवायची पिशवी लावून घेतलेली लघवी घेऊन आलेले, त्यांना ताईंनी स्पष्ट सांगितलं की कल्चरला ही चालत नाही, त्वचेवरचे बॅक्टेरिया मिसळतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं, डॉक्टरांकडे जाऊन बारीक नळीने घेऊन या. पैसे मिळत असताना गिऱ्हाईक परत पाठवणारी लॅब मी तरी पहिल्यांदा बघितली.

अजून एक, गावातून घरून सॅम्पल आणणार असाल तर एक-दोन तासांत पोचलं पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून आणा. एसटीत उकाड्यात तसंच राहिलं तर बॅक्टेरिया डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. हे त्यांनी फोनवरच सांगितलेलं.

सॅम्पल दिल्यावर मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता अमिकासिन ह्या दुसऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू केलं, दिवसातून एकदा. कल्चरला दोन ते तीन दिवस लागतातच, लॅब आळशी आहे म्हणून नाही, बॅक्टेरिया वाढायला एक दिवस आणि कुठल्या औषधाने मरतात ते बघायला अजून एक दिवस. त्यात पाऊस एवढा की रात्रभर लाइट नव्हती, मी सकाळी काळजीने फोन केला तर म्हणाले इन्क्युबेटर (बॅक्टेरिया वाढवायची उबदार पेटी) इन्व्हर्टरवर आहे, टेंपरेचर लिहून ठेवलंय. मी हे विचारलंच पाहिजे होतं आणि त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, हे मला फार आवडलं.

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा तिथल्या सरांनी प्लेटच दाखवली. गोल काचेची बशी, त्यात पिवळसर जेलीवर पसरलेला पांढुरका थर, आणि त्यावर बटणाएवढ्या कागदाच्या चकत्या, प्रत्येक चकतीत एकेक अँटिबायोटिक. काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल रिकामं होतं, म्हणजे तिथे बॅक्टेरिया मेले. आणि सेफलोस्पोरिन गटाच्या, म्हणजे आमचं सेफिक्झिम ज्यातलं त्या गटाच्या, चकत्यांना तो थर अगदी चिकटून वाढलेला, जणू तिथे औषध नाहीच. त्याच गटाच्या सेफ्टाझिडिमची एक साधी चकती आणि एक क्लाव्ह्युलॅनिक अॅसिड (हे बॅक्टेरियाच्या एन्झाइमला अडवतं) मिसळलेली, दुसरीभोवतीचं रिकामं वर्तुळ निदान ५ मिलिमीटरने मोठं आलं तर तो ईएसबीएल, म्हणजे औषध तोडून टाकणारं एन्झाइम बनवणारा बॅक्टेरिया. आमच्या मुलीच्या लघवीतला ई. कोलाय बॅक्टेरिया तसलाच निघाला. दोन बाटल्या सिरप कुठे गेलं ते मला त्या बशीत दिसलं. मी तिथे उभी राहून रडले, खरं सांगते.

महत्त्वाचं, रिपोर्टमध्ये एस (औषध चालतं) आणि आर (चालत नाही) बघून घरी औषध ठरवू नका. आमच्या रिपोर्टात नायट्रोफ्युरँटॉइन ह्या औषधासमोर एस होतं, गोळी-सिरपवर भागलं असतं असं वाटलं, पण मॅडम म्हणाल्या ते लघवीत उतरतं, किडनीत पुरेसं पोचत नाही, आणि हिला ताप आहे, म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. मेरोपेनेम ह्या भारी अँटिबायोटिकलाही एस होतं, ते त्यांनी राखून ठेवलं. अमिकासिन चालणार हे रिपोर्टने पक्कं झालं, मग क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करून तेच पूर्ण केलं. ताप लवकर गेला तेव्हा सासूबाई म्हणायला लागल्या, "ताप गेलो मां, मगे कित्याक सुयो टोचतास चेडवाक?" त्यांना मॅडमनी स्वतः बसवून समजावलं, आजी ऐकल्या.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. सेफिक्झिम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे, १ मार्च २०१४ पासून केमिस्टने चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते, लेबलवर लाल चौकटीत इशाराही असतो, आणि तरी ते लेमनच्या गोळ्यांसारखं मिळतं. २०१९ साली जगात अशा औषधाला दाद न देणाऱ्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनने थेट गेलेली माणसं साधारण १२.७ लाख होती, त्यात दर पाचांत एक पाच वर्षांखालचं मूल. हे आकडे वाचून माझी तर झोप उडाली.

अर्धा स्टार का कापला, तर बाथरूम. कमोड मोठ्या माणसांचा, चार वर्षांची पोर त्यावर धरून मधली धार डबीत घ्यायची म्हणजे दोन माणसं लागतात, एक छोटं पॉटी ठेवलं तर काय बिघडेल? आणि रिपोर्ट रात्री व्हॉट्सअॅपवर नुसता येऊन पडतो, ईएसबीएल लिहिलेलं असेल तर एक फोन करायला हवा. बाकी पैसे वाजवी, पावती मिळते.

रविवारी बंद असते. डबी आदल्या दिवशी आणून ठेवा, आणि शनिवारी कल्चर देणार असाल तर रिपोर्ट कधी मिळेल ते आधीच विचारून घ्या.