म्हाताऱ्या यंत्राच्या चालीने: प्रयोगशाळेच्या नेटवर्कचे १४ महिने

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त मान कुणाला, असं विचारलं तर पोरं मॅडमचं नाव घेणार नाहीत, कोपऱ्यातल्या एचपीएलसीचं, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं घेतील. हळदीतलं कर्क्युमिन मोजायचं काम हेच यंत्र करतं, आणि सांगलीत बसून हळदीवर काम करायचं म्हणजे सगळा संसार त्याच्याच जिवावर. यंत्र ठणठणीत आहे. त्याला जोडलेला संगणक मात्र विंडोज एक्सपीवर चालतो, आणि एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच रामराम ठोकला. बदला म्हणाल तर यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर यंत्रातलं कार्डही बदलायचं. तो आकडा बघून मॅडमनी कोटेशन मुकाट्याने परत पाकिटात घातलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये नेटवर्क नव्याने उभं करायचं ठरलं तेव्हा मी वेग, वाय-फाय असल्या गोष्टींची यादी करत बसलो होतो. १४ महिन्यांनी सांगतो, ती यादी चुकीच्या टोकाने सुरू झाली होती. प्रयोगशाळेचं नेटवर्क तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या यंत्राच्या चालीने बांधावं लागतं.

आधीची अवस्था सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. दोन इमारती, २३ संगणक, पाच यंत्रं, तीन प्रिंटर. इंटरनेटवाल्याने दिलेला एक राउटर, आणि त्यातून टेबलाखाली एकाला एक जोडत गेलेले आठ-आठ पोर्टचे स्विच. एक स्विच तर फ्यूम हूडच्या, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या मागे होता. तो आहे हेच मला दुसऱ्या महिन्यात कळलं. यंत्रावरचा डेटा पेनड्राइव्हने न्यायचा. त्या पेनड्राइव्हमधून फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस इतक्या वेळा फिरला की पोरांना तो काढायची कमांड तोंडपाठ झाली होती.

नव्या मांडणीत काय घेतलं ते आधी. बिनपंख्याची चार पोर्टची एक छोटी पेटी, २१ हजारांची, तिच्यावर ओपीएनसेन्स हा फुकट मिळणारा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याला नियम सांगता येतात असा, १४ हजारांचा, आणि दुसऱ्या इमारतीत त्याचाच आठ पोर्टचा धाकटा भाऊ. जुन्या एका संगणकात चार-चार टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतील अशा बसवून त्याचा एनएएस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांच्या फायली ठेवणारा संगणक केला, झेडएफएस या साठवणुकीच्या पद्धतीवर. आणि अडगळीतला एक संगणक, ज्याची गोष्ट पुढे येते.

केबलिंगमध्ये आम्ही पहिल्याच आठवड्यात फसलो. खोक्यावर कॅट सिक्स छापलेलं, भाव बाजारापेक्षा कमी, आणि बिल घाईत पास झालेलं. जोडणी झाल्यावर लांबच्या तीन जागा काही केल्या १००० एमबीपीएसच्या वेगावर जाईनात, १०० वरच अडकलेल्या. टोकं पुन्हा क्रिम्प केली, जॅक बदलले. शेवटी एक तुकडा कापला, आतली बारीक तार ब्लेडने खरवडली, आणि तांबूस रंगाखालून पांढरी धातू डोकावली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आमचे शिपाई मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "सर, ही तर पितळेवर सोन्याचं पाणी दिल्यागत झालं की." ज्याने केबल टाकली त्याने बरीच हुज्जत घातली, मग अर्धी बदलून दिली, अर्धी आमच्या खर्चाने बदलली. तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी, खोकं फोडल्या फोडल्या ब्लेड चालवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दोन इमारतींमध्ये अंतर साधारण ७० मीटर. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे कागदावर चालून जातं. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळीव कसा येतो ते सांगायला नको. आधीच्या तांब्याच्या जोडणीतून दोन वर्षांत दोनदा वीज शिरली आणि दर वेळी दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन गेली. या वेळी तिथे फायबर टाकलं. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. यंदाच्या वळवात समोरच्या शाळेचं आणि आमच्या वॉचमनच्या टीव्हीचं नुकसान झालं, आमचा दिवासुद्धा लुकलुकला नाही. सगळ्या खर्चात सगळ्यात समाधान देणारा खर्च हाच.

आता म्हाताऱ्याकडे येऊ. स्विच एक असला तरी आत व्हीलॅन करता येतात, म्हणजे एकाच वाड्यात वेगवेगळी बिऱ्हाडं. ऑफिस एकात, संशोधक पोरांचे संगणक दुसऱ्यात, पाहुण्यांचं वाय-फाय तिसऱ्यात, यंत्रं चौथ्यात. यंत्रांच्या बिऱ्हाडाला इंटरनेट नाही, अजिबात नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीही पॅच, म्हणजे भोक बुजवणारं ठिगळ काढावं लागलं होतं. तो पॅच आमच्याकडे आहे, पण एका पॅचच्या भरवशावर एक्सपी बाहेर मोकळा सोडणं म्हणजे पुराच्या पाण्यात होडी नुसत्या सुतळीने बांधणं.

अडचण अशी की एक्सपीला फाइल पाठवायला एसएमबी १ हीच जुनी भाषा येते, आणि वॉनाक्राय याच भाषेतल्या भोकातून शिरला होता. फायली ठेवून घेणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरनेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. नव्या एनएएसवर ती चालू करायची म्हणजे सगळ्या घराचं दार एकासाठी सताड उघडं. म्हणून अडगळीतल्या संगणकात दोन नेटवर्क कार्डं घातली, डेबियन हे लिनक्स टाकलं आणि सांबाची जुनी भाषा फक्त यंत्रांच्या बाजूच्या कार्डावर चालू केली. एक्सपी फायली त्याच्याकडे टाकतो, आणि एनएएस दर १५ मिनिटांनी दुसऱ्या बाजूने येऊन त्या उचलून नेतो. हा संगणक स्वतः होऊन आत कुठे जाऊच शकत नाही. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'अडत्या'. मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही: शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर येत नाहीत, माल मधल्या माणसाकडे.

हे जमायच्या आधी मी एक माती खाल्ली. सुरुवातीला एचपीएलसीचं सॉफ्टवेअर थेट अडत्यावरच फायली लिहीत होतं, कारण ते दिसायला सुटसुटीत. रात्रभराचा १२ नमुन्यांचा क्रम लावून पोरगी घरी गेली, आणि मी रात्री अकराला घरी बसून, कुणी नाही असं समजून, स्विचचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. स्विच दोन मिनिटं बंद. सकाळी नववा नमुना अर्धवट आणि पुढचे तीन सुरूच झाले नाहीत. ती मला काही बोलली नाही. "दादा, पुढच्या वेळी आधी सांगाल ना?" एवढंच. द्रावक वाया गेलं, नमुने पुन्हा तयार करायला तिचा दीड दिवस गेला. आता यंत्र आधी स्वतःच्याच डिस्कवर लिहितं, आणि नक्कल करणाऱ्या एक्सकॉपी कमांडची दोन ओळींची बॅच फाइल अर्ध्या तासाने नवी भर अडत्याकडे ढकलते. मधलं सगळं नेटवर्क कोसळलं तरी रन थांबत नाही. आणि एचपीएलसीच्या बाजूला एक वही टांगली आहे. तिच्यात रात्रीच्या रनची नोंद असेल तर मी कशालाही हात लावत नाही.

घड्याळाचा किस्सा छोटा आहे पण महत्त्वाचा. एक्सपीचं घड्याळ ११ मिनिटं मागे होतं. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांच्या मानकात ७.११ हे कलम डेटा आणि माहितीच्या नियंत्रणावरच आहे. नमुना नोंदवहीत १०.४० ला आणि क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे यंत्राच्या आलेखावर १०.२९ ला, म्हणजे नमुना यायच्या आधीच तपासला गेला, हे तपासनीसाला समजावत कोण बसणार? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला आणि फायरवॉललाच वेळ वाटायचं काम दिलं. तो बाहेर एनपीएल, म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी वेळ जुळवतो, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा एनपीएलचे, नाहीतर त्यांच्याशी जुळवलेले सर्व्हर सांगितले आहेत. एक्सपी मुळात सात दिवसांतून एकदाच घड्याळ जुळवतो. तो काळ कमी करावा लागतो, नाहीतर आठवड्याच्या शेवटी पुन्हा मागे.

ओपीएनसेन्सबद्दल विचाराल तर मी खूश आहे. पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉलपासून वेगळा होऊन जानेवारी २०१५ मध्ये पहिली आवृत्ती काढलेला हा प्रकल्प, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत मोठी आवृत्ती. सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येते, हे मला सगळ्यात आवडलं. ती फाइल दर महिन्याला एनएएसवर आणि माझ्या पाकिटातल्या मेमरी कार्डवर. पण हे राउटरचा डबा आणून प्लग लावण्यासारखं काम नाही. पहिले तीन आठवडे मी रोज रात्री वाचत बसायचो, आणि नियम वरून खाली कसे लागतात हे डोक्यात बसेपर्यंत दोनदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. घुसखोरी ओळखणारं सुरिकाटा हौसेने चालू केलं होतं. त्याच्या इशाऱ्यांचा ढीग वाचायला आमच्याकडे माणूस नाही, म्हणून बंद केलं. पेटीही सांगलीच्या एप्रिलमध्ये हात लावू देत नव्हती. खाली चार लाकडी गुट्ट्या ठेवून ती उचलली, वर ठेवलेल्या फायली काढल्या, आणि तापमान आटोक्यात आलं.

पुढचा गोंधळ ऑक्टोबरमधला. एका नव्या पोराने होस्टेलवरचा आपला वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या जॅकला लावला, तोही उलटा, लॅनच्या पोर्टात. झालं, तो राउटर सगळ्या संगणकांना स्वतःचेच नेटवर्कवरचे पत्ते वाटायला लागला. "दादा, नेट चालंना झालंय" असे फोन एकामागून एक. शोधायला दोन तास गेले. मग मी शहाणपणाने स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे ठरवलेल्या पोर्टावरूनच पत्ते वाटले जातील. फक्त फायरवॉलच्या पोर्टावर विश्वास ठेव, हे स्विचला सांगायचं राहिलं. गंमत अशी की लगेच काहीच झालं नाही. मी चहाला गेलो. पत्त्यांची मुदत दोन तासांची होती, ती जशी संपत गेली तसे संगणक एकेक करून गळायला लागले, आधी ऑफिस, मग प्रिंटर, मग मॅडम. सगळ्यांचे पत्ते १६९.२५४ ने सुरू होणारे, म्हणजे संगणकाने हताश होऊन स्वतःच घेतलेले. यंत्रं मात्र चालूच राहिली. त्यांना पहिल्या दिवसापासून मी कायमचे पत्ते दिले होते आणि त्यांची यादी वहीत आहे.

एनएएस दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे फायलींच्या त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद घेतो. मार्चमध्ये एकाने प्रबंधाचं अख्खं फोल्डर जुनी आवृत्ती समजून उडवलं, ते चार मिनिटांत परत मिळालं. त्याने आम्हाला भडंग आणलं. पण दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे कुणाला पटवावं लागत नाही. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या तळमजल्यावरच्या कपाटांवर तेव्हाची रेघ अजून आहे. त्यामुळे रॅक पहिल्या मजल्यावर, आणि तिसरी प्रत एका डिस्कवर दर शुक्रवारी मॅडमच्या पिशवीतून मिरजेला. जुलैमध्ये कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली तेव्हा मामांनीच विचारलं, "सर, शुक्रवार बुधवारीच करायचा का?" केला.

कमी काय पडलं? वाय-फाय. स्वस्तातले दोन ॲक्सेस पॉइंट घेतले, आणि जाड भिंती व पत्र्याची कपाटं यांच्यापुढे त्यांनी हात टेकले. स्विचचे २४ पोर्ट तेव्हा भरपूर वाटले होते, आज तीनच मोकळे आहेत. पुन्हा घेतला तर ४८ चा घेईन. यूपीएसची बॅटरी लोडशेडिंगने वर्षातच बसली. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हे सगळं मला एकट्यालाच माहीत आहे. दिवाळीत मी गावी असताना फायरवॉल कसा पुन्हा चालू करायचा हे मामांना फोनवर सांगावं लागलं, निळी वायर की करडी हे ठरवण्यातच पाच मिनिटं गेली. आता प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मराठीत चिठ्ठी आहे.

एक्सपीमध्ये ४० जीबीची आयडीई, म्हणजे जुन्या धाटणीची डिस्क आहे, तिच्या दोन नकला करून ठेवल्या. एक तर जुन्या बाजारातून आणलेल्या तसल्याच डिस्कवर, आणि ती मी वर्षातून दोनदा खरोखर बसवून यंत्र चालू करून बघतो. मागच्या गुरुवारी बघितलं. कर्क्युमिनचा पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका, नेहमीच्या जागी आला, तेव्हा कॅबिनेटचे स्क्रू घट्ट केले आणि जुनी डिस्क परत आत घातली.